मामाची साडी आणि बोलीचं तिकीट

माझ्या दुकानावर 'रेल्वे, विमान, लक्झरी बस, सर्व तिकिटे मिळतील' अशी पाटी आहे. खरं सांगायचं तर आता ती बदलून 'दुसरीकडे काढलेल्या तिकिटांच्या प्रिंट मिळतील' अशी करायला हवी. लोक घरी आडवे पडून मोबाइलवर तिकीट काढतात आणि सकाळी माझ्याकडे येऊन म्हणतात, "ताई, जरा प्रिंट द्या." मी देते. मग तेच विचारतात, "ताई, यात बॅग किती किलो चालेल? विमानतळावर किती आधी जायचं? नाव बरोबर आहे ना?" तेही सांगते. प्रिंटचे पैसे मिळतात, सल्ला फुकट जातो. सुरुवातीला चिडायचे. आता नुसती पुटपुटते.

नंदुरबारला स्टेशन रोडवर हे दुकान चालवता चालवता माझे केस पांढरे झाले. लक्झरी बसच्या सीटा कागदावर पेन्सिलीने अडवायच्या, तिथून सुरुवात. आमच्या जिल्ह्यात विमानतळ नाही. विमानात बसायचं तर आधी सुरत गाठायची, नाहीतर इंदूर, नाहीतर थेट मुंबई. म्हणजे आमच्याकडे विमानाचं तिकीट हे अर्धंच तिकीट असतं. उरलेल्या अर्ध्यात रेल्वे, गाडी, घाटातली ट्रॅफिक आणि ड्रायव्हरचा चहा हे सगळं येतं. मोबाइलला हे अर्धं कळत नाही. माझा धंदा अजून टिकलाय तो त्या अर्ध्यावर.

मध्यंतरी बोली लावायच्या वेबसाइटचं खूळ गावात आलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. नेहमीच्या वेबसाइटवर विमान दिसतं, वेळ दिसते, भाडं दिसतं. पटलं तर घ्या. बोलीच्या वेबसाइटवर उलटं. तुम्ही फक्त कुठून कुठे आणि कोणत्या तारखेला निघायचं ते सांगायचं आणि आपला भाव टाकायचा. रिकामी राहणारी एखादी सीट त्या भावात द्यायला कंपनी तयार झाली, तर तुमच्या खात्यातून पैसे कापले जातात. कोणती कंपनी, किती वाजताचं विमान, वाटेत कुठे थांबणार, हे पैसे गेल्यावर कळतं. तारीख बदलत नाही, नाव बदलत नाही, पैसे परत मिळत नाहीत. स्वस्त मिळतं ते एवढ्याचसाठी.

फायदा नाही असं मी म्हणणार नाही. लोणखेड्याच्या कॉलेजातून निवृत्त झालेले एक प्राध्यापक आणि त्यांच्या सौ. दर वर्षी बंगलोरला मुलाकडे जातात. त्यांना सकाळ काय, दुपार काय, सारखीच. वाटेत हैदराबादला चार तास बसावं लागलं तर सर पुस्तक काढतात आणि बाई स्वेटर. त्यांना मीच ही वेबसाइट शिकवली, माझं कमिशन बुडवून. ते निम्म्या भाड्यात जाऊन येतात आणि येताना माझ्यासाठी म्हैसूरपाक आणतात. ज्याला पोचायची घाई नाही आणि ज्याच्याजवळ सामान नाही, त्याने खुशाल बोली लावावी.

पण सामान नाही असा माणूस नंदुरबारात शोधून दाखवा! ही तिकिटं बहुतेक हातातल्या बॅगेपुरतीच असतात. आणि आमचा माणूस गावाबाहेर निघाला की बॅगेत लाल मिरचीची पूड असतेच. पाहुण्यांकडे जाताना इथून दुसरं न्यायचं काय? आणि नेमकी मिरची पूड हातातल्या बॅगेत विमानात चालत नाही. सुरतेच्या विमानतळावर आमच्या गावची किती किलो मिरची जमा झाली असेल देव जाणे. एका काकूंनी तर ती पुडी पर्समधून काढून पोलीसबाईंच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "फेकू नको बाई, घरी ने, घरची शे."

मोलगीची एक नर्स एकदा दिल्लीच्या मुलाखतीसाठी तिकीट काढायला आली होती. कोणीतरी तिला बोलीची वेबसाइट सांगितलेली. मी सगळं समजावलं. तिने एकच विचारलं, "मॅडम, वेळ कधी कळणार?"

"पैसे गेल्यावर."

"मग नको. आमची जीपही भरल्याशिवाय निघत नाही. तिच्यापायी माझी एक परीक्षा बुडालीय."

तिने भाडं मोजून नेहमीचं तिकीट नेलं. माझ्या मते या वेबसाइटबद्दल यापेक्षा जास्त कोणाला काही कळायची गरज नाही. पण कांतिलालशेठना हे कळेना, कारण त्यांना बोलीतलं सगळं कळत होतं.

कांतिलालशेठ मिरचीचे व्यापारी. घराणं राजस्थानचं, जैन. पण तीन पिढ्या इथे काढलेल्या. घरात मारवाडी, बाजारात अहिराणी. माझ्याशी अहिराणीच. हिवाळ्यात मार्केटमध्ये ओल्या लाल मिरचीच्या गाड्या लागतात तेव्हा शेठना बघावं. गाडीवर चढतात, ढिगात कोपरापर्यंत हात घालतात, मूठभर माल वर काढून नुसतं बघतात आणि भाव पुकारतात. सगळ्यात कमी भावात सगळ्यात चांगला माल कोणी उचलला, तर तो शेठनी. आणि लिलावानंतर गाडी खाली करताना तळाला सडकी, पांढरी पडलेली मिरची निघाली, तर भाव उतरतो, नाहीतर सौदा फिरतो, माल परत जातो. हा इथला रिवाज आहे. शेतकरी दोन शब्द बोलतो, शेठ चार बोलतात, आणि चहा पिऊन मिटतं.

असा माणूस बोलीच्या वेबसाइटवर गेला तर काय होईल? खूश झाला. दोनदा हैदराबादला मिरचीच्याच कामाला गेले, दोन्ही वेळा मातीमोल भावात. प्रत्येक वेळी दुकानात येऊन मला मोबाइल दाखवायचे. "ताई, तुम्हना कॉम्प्युटरमा असा भाव भेटस का?" मी म्हणायचे, नाही बुवा भेटत. मग ते मिशीतल्या मिशीत हसत प्रिंट घेऊन जायचे.

त्यांची धाकटी बहीण चेन्नईला दिलेली. तिची मुलगी रिंकू. या रिंकूला मी लहानपणापासून ओळखते, कारण दर उन्हाळ्याच्या सुट्टीत तिची तिकिटं माझ्याकडूनच निघायची. मामाकडे आली की मामाच्या खांद्यावरच असायची. शेठना मुलगी नाही, दोन मुलगेच. ती माझ्याकडे कोल्ड्रिंक मागायची आणि शेठ मला खुणेने 'नका देऊ' म्हणायचे, आणि मी द्यायचे.

त्या रिंकूने दीक्षा घ्यायचं ठरवलं. चांगली शिकलेली, चोवीस-पंचवीसची पोरगी. जैनांमध्ये दीक्षा म्हणजे घर सुटलं, नाव सुटलं. आई आई राहत नाही, मामा मामा राहत नाही. त्यानंतर फोन नाही, सुट्टीत येणं नाही. दीक्षेच्या सकाळी मुलीला नवरीसारखं सजवतात, मग ती आत जाते, केस उतरवते, पांढरे कपडे घालून बाहेर येते. त्यांच्या घराण्यात असा रिवाज की त्या सकाळी मुलीच्या अंगावर जी शेवटची रंगीत साडी असते, ती मामाची. लग्नात मामा मायरा, म्हणजे आजोळचा आहेर, नेतो तसंच हे. शेठनी साडीसाठी सुरतेच्या बाजारात तीन फेऱ्या मारल्या. कुसुंबी रंगाची, बारीक जरीची. मला दाखवायला आणली तेव्हा, आयुष्यात पहिल्यांदा, किंमत किती पाडून घेतली ते सांगितलं नाही.

दीक्षा माघात होती, ऐन मिरचीच्या दिवसांत. घरची मंडळी आठवडाभर आधीच रेल्वेने गेली. नंदुरबारवरून चेन्नईला थेट गाडी जाते, दाराशी येऊन थांबते म्हणा ना. पण शेठ म्हणाले, पथारीवर माल पडलाय, मजूर आहेत, मी आदल्या दिवशी विमानाने येतो. पथारी म्हणजे मिरची वाळत घालायचं मोकळं मैदान. आठवडाभर ते सोडून जायचं म्हणजे त्यांच्या जिवावर येतं. एवढं कबूल केलं तरी साडी आधी पाठवून द्यायची होती. पण मामाची साडी मामाच्या हातूनच गेली पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

दीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी दुकान उघडून मी उदबत्ती लावत होते, तर शेठ आले. अंगावर कडक इस्त्रीचा झब्बा, हातात छोटी बॅग, बॅगेत साडी. दुपारी सुरतेला निघणार होते.

"प्रिंट द्या, ताई. आनि देखा. असा भाव आतापावेतो भेटेल नही."

मी तिकीट उघडलं. सुरतेहून विमान संध्याकाळी होतं, तिथवर ठीक. पण ते चेन्नईला जात नव्हतं. ते दिल्लीला जात होतं. तिथे रात्रभर बसायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरं विमान. चेन्नईला पोचणार दुपारी. शेठनी निघायची तारीख टाकली, तीच पोचायची धरली. आधीची दोन्ही तिकिटं थेट निघाली होती ना! पैसे कापल्याचा मेसेज आला, तेवढा बघितला. पुढे उलगडून कोण बघतंय.

"शेठ, दीक्षा किती वाजता?"

"सकायले नऊले."

"तुम्ही तिथे दुपारी उतरणार."

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग स्क्रीनकडे. मी बोट ठेवून दाखवलं. शेठचा चेहरा मात्र बदलला नाही. मार्केटमध्ये तळाला सडका माल निघाल्यावर असतो तसा शांत.

"मंग सौदा फिरवी टाका," ते म्हणाले.

"शेठ, आठे सौदा फिरत नही."

"म्हंजे? माल खराब शे. मी देखा बी नही. न देखता पैसा कसा काय कापतस?"

"तुम्ही न बघता घ्यायला तयार झालात, म्हणूनच स्वस्त दिलं."

त्यांनी वेबसाइटचा फोन नंबर मागितला. त्यांच्याशी बोलतो म्हणाले, माणसाला माणूस भेटला की मिटतं. मी नंबर लावून दिला. पलीकडे रेकॉर्ड केलेला आवाज, एक दाबा, दोन दाबा. शेठनी एक दाबलं, दोन दाबलं, मग फोन कानाला धरून तसेच उभे राहिले. घासाघीस करायला समोर कोणीच नव्हतं. मला तेव्हा त्यांची फार दया आली, आणि रागही आला. रोज जो माणूस ढिगात हात घातल्याशिवाय एक मूठ मिरची घेत नाही, त्याने भाचीचं एवढं काम न बघता करून टाकावं!

पण राग नंतर. आधी काम. चेन्नईची रेल्वे आता पकडून उपयोग नव्हता. सुरतेचं थेट विमान त्या दिवशी नव्हतंच. मी मुंबई बघितली. संध्याकाळची विमानं भरलेली. पहाटेचं एक थेट विमान होतं, सकाळी आठच्या सुमारास चेन्नईला उतरणारं. त्यात एक सीट दिसत होती. इथून गाडीने निघालं तर रात्रीपर्यंत मुंबई गाठता येत होती. भाडं मात्र असं, की मीच दोनदा वाचलं.

शेठनीही वाचलं. त्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला, मोबाइल बाहेर आला. "थांबा ताई, एक बोली लाई देखस. ह्याच इमानले."

मी आयुष्यात गिऱ्हाइकावर ओरडले नव्हते. त्या दिवशी ओरडले. "शेठ, फोन ठेवा खाले! एकच सीट शे. गई ते गई."

ते दचकले. मोबाइल टेबलावर ठेवला. मग हातातली बॅग मांडीवर घेतली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवून बसले. "रिंकू मन्ही वाट देखी ऱ्हायनी व्हई," एवढंच म्हणाले. मी पुन्हा भाडं वाचून दाखवायला लागले. आमच्या धंद्यात पैसे घ्यायच्या आधी आकडा मोठ्याने सांगायचा असतो. त्यांनी हात वर केला.

"भाव सांगू नका, ताई. काढी टाका."

मी काढून टाकलं. गाडी ठरवली, माझ्या खात्रीचा ड्रायव्हर बघून. त्याला बजावलं की जेवायला एकदाच थांबायचं. शेठ सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत, म्हणून ते दिवसाउजेडी उरकायचं. बोर्डिंग पास मोबाइलवर पाठवला, शिवाय प्रिंट दिली. मी म्हणाले, साडीची बॅग हातातून सोडू नका. हे सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठून मोबाइलवर ते विमान बघत बसले. तिकीट विकलं की आमचं काम संपतं, पण माझी ही खोड आहे. विमान वेळेवर निघालं नाही. पंधरा मिनिटं, मग अर्धा तास, मग पाऊण. चहा गार झाला. मी शेठच्या बहिणीला फोन लावला. ती आमच्या गावची लेक, इतकी वर्षं चेन्नईत काढूनही फोनवर अहिराणीच. मी सांगितलं, विमानतळाच्या दाराशीच गाडी आणि माणूस उभा ठेवा, आणि जमलं तर जरा थांबा.

"ताई, मुहूर्त कोनासाठे थांबस का?" ती म्हणाली. पोरगी जात होती तिची; तिच्यासमोर मी तिच्या भावाच्या विमानाचं रडगाणं गात होते. मग म्हणाली, "दुसरी साडी काढी ठेवेल शे. पन रिंकू नेसत नही. म्हनस, मामानी साडी येवू द्या."

विमान उतरल्याचं मला मोबाइलवर दिसलं, तेव्हा नवाला थोडंच कमी होतं. विमानतळ ते मांडव किती अंतर, तिथे ट्रॅफिक कशी, मला काही ठाऊक नाही. फोन करायचा धीर झाला नाही. दुकान उघडलं. दोघांच्या प्रिंट काढून दिल्या. एकाला चुकून दुसऱ्याचीच दिली.

शेठ चार दिवसांनी आले, घरच्यांबरोबर रेल्वेने. सीझन असूनही सरळ मार्केटला न जाता माझ्याकडे. मी मनात भाषण तयार ठेवलं होतं. बोली कुठे लावावी आणि कुठे लावू नये, यावर चांगलं खरमरीत. ते खुर्चीत बसले तेव्हा हातात तीच बॅग होती. त्यांनी चेन उघडून मला साडी दाखवली. नेसून सोडलेली, घाईघाईने घडी घातलेली. दीक्षेच्या वेळी अंगावरचं सगळं घरच्यांना परत देतात. ती साडी मामाकडे आली होती.

"म्हणजे पोचलात!" मी म्हणाले. इतका आनंद झाला की भाषण विसरले.

"पोचनू. मांडवमा पयतच गऊ. तिनी साडी घिदी, आत गई, नेसीसन बाहेर उनी. आनि बठ्ठा लोकेसमोर मन्हा गळामा पडनी. लहान व्हती तवय पडे ना, तशी."

मी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

"मंग ती परत आत गई. बराच येळमा धवळा कपडा घालीसन उनी. डोकावर केस नही. मी पुढे सरकनू, ताई, मले काय सुधरनं नही, मी हात पुढे करा. ते बठ्ठासनी मले रोकं. आते कोनताबी मानूसनी तिले हात लावानं नही. मामानी बी नही. मन्हा ध्यानमाच नही व्हतं."

शेठच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. मलाही आवरलं नाही. रस्त्यावर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

"मी लांबथीन हात जोडात," ते म्हणाले. "तिनी मन्हाकडे देखं आनि आशीर्वाद दिधा. रांगमा उभा बठ्ठा लोकेसले दिधा, तसाच."